न पाहिलेल्या बेटावरच्या सूचना

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुझ्या नोकरीबद्दल लिही" असं कुलकर्णीकाकूंनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं त्या मला दुसरीच कोणी समजताहेत. अनुभव लिहायचे ते निवृत्त माणसांनी. गेल्या वर्षीच्या अंकात एका काकांनी बँकेतल्या सगळ्या बदल्यांविषयी लिहिलं होतं, किती सुंदर होतं ते. माझी नोकरी अडीच वर्षांची, तीही अर्ध्या दिवसाची. सकाळी कॉलेज, दुपारी एक ते सात ऑफिस. पण काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे रोज कोण कोण येतं ते तरी लिही. आणि घाबरू नकोस, शुद्धलेखन मी बघते." म्हणून लिहिते आहे.

अंकाचे बरेच वाचक बँकेतून, विमा कंपनीतून, सरकारी खात्यांतून जयपूरला आलेले आहेत. आम्ही तसे आलो नाही. माझे अप्पा गलाईचं काम करतात, म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देतात. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागातली कितीतरी घरं या कामासाठी देशभर पांगली आहेत, त्यातलं आमचं एक. परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर अप्पांची भट्टी आणि वर दोन खोल्यांत आम्ही. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. प्रवेशाच्या अर्जावर सही कुठे करायची हे आम्ही दोघांनी, मी आणि अप्पांनी, रांगेतल्या पुढच्या मुलीला विचारून केलं होतं. त्यामुळे ज्याला काही माहीत नाही आणि विचारायची लाज वाटते, अशा माणसाचा चेहरा मला लगेच ओळखू येतो. नोकरीत मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आमचं ऑफिस सी-स्कीममध्ये आहे. सहलींचं बुकिंग करणारं छोटंसं ऑफिस, तीन टेबलं आणि काचेची एक केबिन. केबिनमध्ये मालक बसतात, माथुर सर. पहिलं टेबल राजस्थान बघायला येणाऱ्यांचं, दुसरं पहाडांचं, तिसरं बेटांचं. मी लागले तेव्हा बेटांच्या टेबलावरची ताई लग्न होऊन इंदूरला गेली होती, म्हणून ते माझ्याकडे आलं. बेटं म्हणजे मुख्यतः अंदमान. विमान, बोट, खोली, गाडी हे सगळं एकमेकांत बसवायचं आणि निघण्याआधी प्रवाशांना सूचनांचा कागद द्यायचा, समजावून सांगायचा. बुकिंग कोणीही करतं हल्ली, मोबाईलवर होतं. आमचं खरं काम तो कागद.

त्या कागदावर काय असतं ते थोडं सांगते, तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर उपयोग होईल. अंदमान पूर्वेला फार लांब आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे तिथे पहाटे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायला लागतो. जयपूरची माणसं चारचा चहा पिऊन, जरा आडवी होऊन फिरायला निघतात, आणि तिथे पोचेपर्यंत समुद्र काळा झालेला असतो. म्हणून सगळं सकाळी करायचं. प्रवाळावर अनवाणी चालायचं नाही, ते ब्लेडसारखं कापतं. रबराचे बूट घालायचे. शंख, प्रवाळाचे तुकडे काहीही उचलून आणायचं नाही, कायद्याने बंदी आहे. मोबाईलला कुठे रेंज लागते, कुठे लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतीच्या विमानाच्या आदली रात्र विमानतळाच्या बेटावरच काढायची. हवा बिघडली की छोट्या बेटांवरच्या बोटी रद्द होतात, विमान मात्र थांबत नाही. हे मला जवाहर नगरच्या एका नवरा-बायकोने शिकवलं. त्यांना शेवटच्या दिवशीची बोट मीच धरून दिली होती. ती सुटली नाही. विमान गेल्यावर त्या बाईंनी मला फोन केला आणि रागावण्याऐवजी म्हणाल्या, "बेटा, हे लिहून ठेव हं, दुसऱ्या कोणाचं होऊ नये." मी लिहून ठेवलं. माझ्या कागदावरची बहुतेक प्रत्येक ओळ अशी कोणाच्या तरी त्रासातून आलेली आहे.

विचित्र प्रश्नही येतात. एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं होतं, "समंदर कितने बजे बंद होता है?" पहाडांच्या टेबलावरचा योगेश टेबलाखाली वाकून हसला. मीही हसले. मग लक्षात आलं की प्रश्न बरोबर आहे. अंधार झाला की बऱ्याच किनाऱ्यांवरून रखवालदार लोकांना बाहेर काढतात. मी त्यांना फोन करून सांगितलं, "जी, साडेपाचला." ते म्हणाले, "बघा, मला वाटलंच होतं."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. ते सांगायला मला अवघड जातंय.

पहिल्या आठवड्यात एका जोडप्याने मला विचारलं, "आप खुद गई हैं?" मी म्हटलं, "नाही." ते एकमेकांकडे बघून "हम सोचकर बताते हैं" म्हणाले आणि गेले. माथुर सर केबिनमधून जिन्याकडे बघत राहिले. पुढच्या वेळी कोणी तोच प्रश्न विचारला तेव्हा मी "हो" म्हणाले. मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं मीच केलं.

मी अंदमानच काय, समुद्रच पाहिलेला नव्हता. गाव सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातलं, घर जयपूरला. पण व्हिडिओ बघून बघून मला किनाऱ्यांची नावं, बोटीचे धक्के, कुठे नारळपाणी मिळतं, सगळं पाठ झालं. "पाणी अगदी काचेसारखं, जी, खालची वाळू दिसते," असं मी इतक्यांदा म्हणाले की मलाही ते आठवायला लागलं. खोटं बोलतेय असं वाटेनासं झालं.

एक दिवस जयपूरजवळच्या चाकसूहून रामावतारजी आले. टपाल खात्यात नोकरीला. त्यांना प्रवासासाठी एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास सवलत, मिळत होती आणि रजा नेमकी होळीनंतरच्या आठवड्यात मंजूर झाली होती. बरोबर त्यांची आई, केसरबाई. सगळे त्यांना माजी म्हणत, मीही म्हणू लागले. सत्तरीच्या पुढे, किडकिडीत, पिवळी ओढणी आणि पायात मुलाचे बूट.

"माँ को समझाइए," रामावतारजी म्हणाले. "नको म्हणतेय."

"मी नको म्हटलं नाही," माजी म्हणाल्या. "मी म्हटलं, माझा बासोडा बुडेल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. होळीनंतर आठव्या दिवशी इथे शीतलामातेची पूजा असते. आदल्या दिवशी, सप्तमीला, संध्याकाळी पुए म्हणजे गुळाचे तळलेले गोड वडे, पुऱ्या, भात असं सगळं रांधून ठेवायचं. अष्टमीला चूल पेटवायची नाही, मातेला थंड नैवेद्य दाखवायचा आणि घरादाराने तेच आदल्या दिवशीचं थंड जेवायचं. हाच बासोडा, बासी म्हणजे शिळं खायचा सण. चाकसूच्या टेकडीवर त्या दिवशी मोठा मेळा भरतो. माजी लग्न होऊन आल्यापासून त्यांचा एकही बासोडा चुकला नव्हता. लहानपणी रामावतारजी देवीच्या आजाराने दगावता दगावता वाचले होते, तेव्हा माजी मातेला बोलल्या होत्या, जीव आहे तोवर बासोडा मोडणार नाही. आणि या वर्षीची अष्टमी सहलीच्या मधोमध येत होती. त्या दिवशी ही मंडळी नील नावाच्या छोट्या बेटावर असणार होती.

"तिथे नुसतं पाणीच पाणी आहे ना?" माजींनी मला विचारलं.

"हो माजी, चारी बाजूंनी."

"मग माता असणार. ती थंड जागेतच राहते." मग म्हणाल्या, "नैवेद्य घरच्या चुलीवरचाच हवा मला. हॉटेलात मासळी शिजते. मी इथून निघायच्या आदल्या दिवशी करून नेते. चार दिवस टिकेल?"

मी विचार केला. खरंच केला. आम्ही जयपूरहून गावी जातो तेव्हा आई दुधात पीठ भिजवून दशम्या करते. दोन दिवस गाडीत काढून घरी पोचलो तरी त्या मऊ असतात, आणि उरलेल्या आणखी दोन दिवस आम्ही खातो. कधी खराब झाल्या नाहीत.

"टिकेल, माजी."

"तुझं टिकलं होतं?"

रामावतारजी माझ्याकडे बघत होते. त्यांना हो हवं होतं. आईला घेऊन जायची त्यांची फार इच्छा होती.

"हो," मी म्हणाले. "मी गेले होते तेव्हा माझ्या पुऱ्या चार दिवस छान राहिल्या."

माजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग झालं. ही मुलगी जाऊन आलीय."

मला त्या दिवशी आनंद झाला होता, हेही लिहायला हवं. वाटलं, एका म्हातारीला मी समुद्र दाखवणार.

सप्तमीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला. रामावतारजींचा आवाज तुटक येत होता. उद्याच्या ताटाची तयारी म्हणून माजींनी डबा उघडला होता. विमानात तेल सांडू नये म्हणून त्यांनीच डब्याला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. पुऱ्या चिकट झाल्या होत्या, पुए एकमेकांना डकले होते आणि त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी होती. तिथल्या दमट हवेत दुसरं काय होणार? पण आम्हाला कोणालाच ते सुचलं नव्हतं. त्यांना नाही, मला नाही. आम्ही सगळी कोरड्या मुलखातली माणसं. अन्न वाळतं हे आम्हाला ठाऊक होतं, दमट हवेत ते असं सडतं हे नव्हतं.

"मी फेकून देत होतो," रामावतारजी म्हणाले, "तर माँ डबा घेऊन बसलीय. म्हणते, उद्या बासीच खायचं असतं, यात काय वाईट? मातेचं आहे, माता सांभाळेल. वरचं पुसून खाईन म्हणते. आणि दुसरं काही खाणार नाही. तिला शुगर आहे, अश्विनीजी, गोळ्या चालू आहेत. उपाशी राहिली तर चक्कर येते, हे खाल्लं तर... इथे मोठा दवाखाना बोटीपलीकडे आहे." मग ते म्हणाले, "ती माझं ऐकत नाही. म्हणते, त्या मुलीचं चार दिवस टिकलं होतं, ती जाऊन आलीय. तुम्हीच बोला."

केबिनचं दार उघडं होतं, माथुर सर आत होते, योगेश शेजारच्या टेबलावर. बाहेर सी-स्कीमच्या रस्त्यावर लख्ख ऊन होतं. तिथे दीड तासात अंधार पडणार होता. सप्तमीची संध्याकाळ तेवढीच शिल्लक होती. काही रांधायचं असेल तर त्यातच. उद्या चूल पेटवायची नाही.

"माजींना फोन द्या," मी म्हटलं.

"हाँ बेटा!" माजींचा आवाज मोठा आणि खूश होता. "तू म्हणाली होतीस तसंच आहे गं. अगदी काच. खालची वाळू दिसते."

"माजी, ते पुए खाऊ नका."

"उद्या बासीच खातात, बेटा. तुला नाही कळायचं, तू महाराष्ट्रातली."

"बासी वेगळं आणि खराब वेगळं, माजी."

"तुझं कसं टिकलं मग?"

मी सांगू शकले असते की तेव्हा थंडी होती. तसं वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं. ते बोलले असते तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. कदाचित नसतं ऐकलं.

"माझं टिकलं नव्हतं," मी म्हणाले. "मी नेलंच नव्हतं. मी तिथे कधी गेले नाही, माजी. मी समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

पलीकडून नुसता एक आवाज येत होता, मोठा व्हायचा आणि ओसरायचा, पुन्हा मोठा व्हायचा. मला वाटलं लाइन खराब आहे. तो समुद्राचा आवाज होता हे मला नंतर कळलं.

"वा!" माजी शेवटी म्हणाल्या. "जिथे स्वतः गेली नाही तिथे म्हातारीला पाठवून दिलं!" आणि फोन रामावतारजींच्या हातात गेला. ते थंडपणे म्हणाले, "ही आता डबा बाजूला ठेवतेय. पण म्हणते, उद्या पाण्यावर राहीन. आता तुम्हीच सांगा, काय करायचं."

मी रडत होते. माथुर सर केबिनच्या दारात येऊन उभे होते. योगेशने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "बिस्वासबाबूंना लाव."

नील बेटावरची ती खोल्यांची जागा बिस्वासबाबूंची. बंगाली, तिथेच जन्मलेले. आमची ओळख फक्त फोनवरची. त्यांच्या मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायरीवर लागते, त्यामुळे फोन लागणं हे नशीब. तिसऱ्यांदा लागला. मी एका दमात सगळं सांगितलं: शीतलामाता, चूल, डबा, शुगर, आणि तुमच्या स्वयंपाकघरात मासळी असते म्हणून त्या येणार नाहीत.

"शीतोला?" ते म्हणाले. "जिसका गाधा है? हाथ में झाड़ू?"

"हो! गाढवावर बसते, हातात केरसुणी असते, तीच."

"अरे, वो तो हमारा घर में भी है. माँ पूजा करती है." मग ते हसले. "और मछली का क्यों सोचता आप? हमारा माँ विधवा है, निरामिष खाती है. उसका चूल्हा अलग, बर्तन अलग. मछली छोड़ो, वो हमको भी हाथ लगाने नहीं देती. मैं बोलता हूँ माँ को."

फोन कटला. मग दोन तास काहीच नाही. मी तीन प्रवाशांचे कागद तयार केले आणि तिन्हींवर तारखा चुकीच्या टाकल्या.

साडेसहाला बिस्वासबाबूंचा फोन आला. "दोनों बुढ़िया ने मिलकर हमको रसोई से निकाल दिया," ते म्हणाले.

झालं होतं असं: त्यांच्या आईला हिंदी जेमतेम, माजींना बंगालीचा एक शब्द येत नाही. माजी आधी दारातच उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकेनात. तेव्हा बिस्वासबाबूंच्या आईने कोपऱ्यातली केरसुणी उचलून खांद्याशी धरली आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं. माजींनी एक क्षण पाहिलं, मग दोन्ही हात डोक्यापाशी नेऊन गाढवाचे कान करून दाखवले. दोघी इतक्या हसल्या की बिस्वासबाबू काय झालं बघायला धावत आले. मग माजी पाय धुऊन आत गेल्या. मोहरीचं तेल की तूप यावरून भांडण झालं, त्यात माजी जिंकल्या. त्यांनी कणकेचे गुळाचे थोडेसे पुए केले आणि भात लावला. बिस्वासबाबूंच्या आईने त्यातला अर्धा भात मातीच्या भांड्यात काढून त्यावर पाणी ओतलं, आणि हाताने खूण केली: उद्या, थंड. त्या दमट हवेत शिजवलेलं टिकवायची त्यांची हीच रीत. भात रात्रभर पाण्यात राहतो, सकाळी थोडासा आंबूस आणि गार होतो. आणि माजींच्या घरी बासोड्याला दही घातलेला थंड भात असतोच. दोघींना एकमेकींचं पटलं.

अष्टमीला पहाटे, पाचला उजाडलं तेव्हा, माजींनी पाण्याच्या कडेला वाळूत थंड भात आणि पुए ठेवले, पूजा केली आणि दोन घास समुद्राला दिले. मग दोघींनी पायरीवर बसून खाल्लं. गोळी वेळेवर घेतली. रामावतारजींनी मला एकच ओळ पाठवली, "माँ ने बासोड़ा कर लिया." फोटो नव्हता. मला वाटतं, ते अजून रागावलेले होते, आणि ते बरोबरच होतं.

सप्तमीच्या त्याच संध्याकाळी ऑफिस बंद करताना माथुर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी बॅग घेऊनच गेले. वाटलं, उद्यापासून यायला नको म्हणतील.

ते म्हणाले, "अश्विनीजी, मैं अंदमान गया हूँ. एक बार. बोटीत इतकी मळमळ झाली की तीन दिवस खोलीत आडवा होतो. समुद्र मी खिडकीतून पाहिला. बीस साल से लोगों को बता रहा हूँ कि क्या समंदर है!" मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या पहिल्या जोडप्याच्या वेळी मी तुम्हाला काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. कागद नवा करा. काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा."

इतक्या वर्षांचा माणूस एका पार्टटाइम मुलीपुढे असं बोलतो, याचं मला आजही नवल वाटतं.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. भट्टी विझली होती, ते सोनं वितळवायची मूस कापडाने पुसत होते. सगळं ऐकून घेतलं. सोन्यात सोनं किती ते सांगणं म्हणजे टंच सांगणं. अप्पांकडे दागिना घेऊन येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, "अंदाजे सांगा की." अप्पा कधीच सांगत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, ते खडूस आहेत.

"बघितल्याशिवाय टंच सांगायचा न्हाय, पोरी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक जातंय तर जाऊ दे." मग थोड्या वेळाने, "म्हातारी जेवली न्हवं?"

"उद्या जेवतील, अप्पा."

"मग जा, तूबी जेव."

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद केला. सगळ्यात वर लिहिलं: ही माहिती देणारी व्यक्ती स्वतः अंदमानला गेलेली नाही, ही माहिती जाऊन आलेल्या प्रवाशांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी दिलेली आहे. मला भीती होती की आता कोणी येणार नाही. काही जण खरंच गेले. पण जे राहिले ते परत आल्यावर फोन करायला लागले. "लिहा, धक्क्यावर सावली नाही, छत्री हवी." "लिहा, वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पाय झाका." मी गेलेली नाही हे कळल्यावर लोक मला सांगू लागले. आधी मीच त्यांना सांगत होते, मग ते कशाला सांगतील?

दोन आठवड्यांनी रामावतारजी एलटीसीसाठी लागणारी कागदपत्रं न्यायला आले. माजी बरोबर होत्या. मी उभी राहिले.

माजी समोरच्या खुर्चीवर बसल्या. नवा कागद हातात घेतला, त्यांना वाचता येत नाही, म्हणाल्या, "वाच." मी पहिली ओळ वाचली. त्यांनी मान हलवली.

"पुढे लिही. मी सांगते."

मी पेन घेतलं.

"लिही, घरून जेवण नेऊ नका."

मी लिहिलं. "हवा दमट असते म्हणून," मी पुढे जोडायला लागले.

"नाही नाही," माजी म्हणाल्या. "हवा-बिवा नको. लिही, वहाँ भी माँएँ रहती हैं."

ती ओळ अजून तशीच आहे, हिंदीत, कागदाच्या शेवटी. काही प्रवासी हसतात, काही विचारतात याचा अर्थ काय. वेळ असेल तर मी त्यांना गोष्ट सांगते.

जाताना मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "झूठी," आणि माझा गालगुच्चा घेतला.

आता शेवटचं. बुकिंगवाल्यांना जागा नीट माहीत व्हावी म्हणून तिथले हॉटेलवाले त्यांना अधूनमधून अंदमानला नेतात. या हिवाळ्यात माथुर सरांनी त्यात माझं नाव दिलं आहे. माझ्या परीक्षेनंतरच्या तारखा त्यांनी स्वतः मागून घेतल्या. अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी अजून गेलेली नसेन. बातमी चाकसूला कशी पोचली माहीत नाही, पण परवा माजींचा फोन आला आणि त्यांनी मला सूचना दिल्या. अंधार लवकर पडतो, सकाळीच फिर. छत्री ने. शंख उचलू नकोस, पोलीस धरतात. बोटीत खिडकीशी बसू नकोस, मधे बस. पाणी खारट आहे, तोंडात घेऊन बघू नकोस, मी बघितलं. मी सगळं लिहून घेतलं. यातलं अर्धं माझ्याच कागदावरचं होतं, पण त्यांनी सांगितल्यावर मला ते पहिल्यांदा खरं वाटलं.

आईने मात्र आत्तापासून दशम्यांसाठी बाजरी निवडून ठेवली आहे. मी तिला म्हटलं, "आई, घरून जेवण न्यायचं नाही असं मीच लोकांना लिहून देते."

"तुझ्यासाठी न्हाईत गं," ती म्हणाली. "त्या बंगाली म्हातारीला दे. आपल्याकडनं." मग पीठ चाळता चाळता थांबून तिने विचारलं, "टिकतील का तिथवर?"

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. "बघून सांगते."